‘नवीन गॅसला थोडा वास येतोच’: केळीच्या चेंबरवाल्यांनो, ऐका

एकूण १,३४,८०० रुपये गेले. घरात अजून खरा आकडा सांगितलेला नाही, इथे सांगतो.

रावेर तालुक्यात माझं केळी पिकवायचं छोटं चेंबर आहे. मे महिना, बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत सोळा-अठरा टिकवायचे. थंडाव्याची मशीन जुनी, आर-२२ या गॅसवर चालणारी. गॅस कमी झाला आणि नेमका तेव्हाच एक गॅस भरणारा दारात उभा. "भाऊ, आर-२२ वर बंदी आली. आता पर्यावरणवाला गॅस, आर-२९०. दुप्पट थंडावा, बिल निम्मं."

मी बारावी सायन्स आहे, अगदीच अडाणी नाही. त्याने मोबाईलवर आकडे दाखवले: शून्य डिग्रीला उकळताना प्रोपेन, म्हणजे हाच आर-२९०, किलोमागे साधारण ३७५ किलोज्यूल उष्णता ओढतो, आर-२२ साधारण २०५. आकडे खरेच आहेत, म्हणून तर फसलो! त्याने सांगितलं नाही ते एवढंच की कॉम्प्रेसर किलो ओढत नाही, घनफळ ओढतो. प्रोपेनची वाफ आर-२२ पेक्षा हलकी, त्यामुळे त्याच कॉम्प्रेसरवर थंडावा उलट दहा-बारा टक्के कमीच. आणि बंदी? १ जानेवारी २०२५ पासून आर-२२ भरून नवीन मशीन बनवायला आहे. जुनीच्या दुरुस्तीला नाही.

भरताना आमचे आबा म्हणाले, "भाऊ, सयंपाकाच्या गॅससारखा वास येतो." मलाही आला होता. तो हसून म्हणाला, "नवीन गॅसला थोडा वास येतोच." आणि मी, मालक, चार माणसांसमोर आबांनाच गप्प केलं. तो क्षण अजून झोपू देत नाही. मशीनसाठीच्या शुद्ध आर-२९० ला वास नसतो. वास मुद्दाम मिसळतात तो घरगुती सिलिंडरमध्ये. त्यात ब्युटेनही असतो, मग थंडावा आणखी घसरतो. वजनकाटा त्याने आणलाच नव्हता. आर-२२ च्या जागी प्रोपेन निम्म्याहूनही कमी लागतो. बिल मात्र पूर्ण १२ किलोचं, २,४०० ने २८,८००. शिवाय फ्लशिंग, म्हणजे नळ्या आतून धुणं, ६,५००, ऑइल ४,२००, ‘प्रमाणपत्र’ ३,०००. झाले ४२,५००, रोख. काट्यावर तोलल्याशिवाय गॅस भरू देऊ नका, आणि रोख तर मुळीच नाही.

तिसऱ्या दिवशी चेंबर बावीसच्या खाली जाईना. ३८ क्विंटल माल काळा पडला, ६१,३०० चं नुकसान. जळगावच्या मेकॅनिकने गेज लावला, नळी हुंगली आणि मलाच विचारलं, "आत साधे स्विच, ठिणगी उडाली असती तर?" हा गॅस हवेपेक्षा जड, फरशीवर साचतो. दुरुस्तीचे ३१,००० वेगळे.

पोलीस ठाण्यात म्हणाले, ही दिवाणी बाब. ग्राहक तक्रारीला गेलो तर, धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहकच नाही. गॅस एजन्सी म्हणते सिलिंडर आमचं नाही. एका साहेबांनी तर मलाच दटावलं: घरगुती गॅस मशीनमध्ये भरणं गुन्हा आहे, माहीत नाही का? भरला कोणी, साहेब? तीन आठवडे, सहा चकरा, पेट्रोल माझं. ‘प्रमाणपत्रा’वरचा नंबर तर पहिल्याच दिवशी बंद. घेण्याआधी फोन लावून बघा, मी लावला नव्हता.

निळा रंग फासलेलं त्याचं एक सिलिंडर शेडमागे पडलं आहे. पुरावा म्हणून जपून ठेवा म्हणाले होते. बघायला अजून कोणी आलेलं नाही. आबा तिकडून जाताना नाकाला रुमाल लावतात आणि माझ्याकडे बघतात.