प्राग: गाइडसोबत अर्धा दिवस की आपलं आपण?

प्रागमध्ये एकच दिवस असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: सकाळ गाइडला द्या.

कारण इथल्या खुणा पटकन नजरेत भरत नाहीत. जुन्या टाउन हॉलसमोर सगळे 1410 च्या खगोलीय घड्याळाकडे माना वर करून उभे असतात. तिथून जवळच, फरसबंदीत 27 पांढरे क्रूस आहेत. 1621 मध्ये हॅब्सबर्ग राजघराण्याच्या सत्तेविरुद्धच्या बंडातल्या 27 जणांना याच चौकात मृत्युदंड दिला गेला. सांगणारं कोणी नसेल, तर आपण त्यांवरून सरळ चालत जातो. चार्ल्स पुलाजवळ व्लतावा नदीच्या काठच्या भिंतीत दाढीवाल्या माणसाचा दगडी चेहरा आहे, तोही असाच. पाणी या दाढीपर्यंत चढलं की पुराचा धोका, हे गावाला कळायचं. हा चेहरा आधीच्या युडिथ पुलाचा. तो पूल 1342 च्या पुरात गेला, आणि 1357 मध्ये आजच्याचं काम सुरू झालं.

एकट्याने फिरण्याचा फायदा वेळेचा. गटासोबत पुलावर पोहोचेपर्यंत गर्दी उसळलेली असते. पहाटे गेलात तर पूल जवळजवळ तुमचाच. किल्ल्यासाठी 22 नंबरची ट्राम पकडून वर जा आणि उतरत या, गुडघे दुवा देतील. ज्यू वस्तीतली जुनी दफनभूमी तर एकट्यानेच, सावकाश पाहावी. मात्र शनिवारी ती बंद असते.

दोन दिवस असतील तर आधी गाइड, मग आपलं आपण.