'ताजं' गवताचं बी: अंजन-स्टायलोची पिशवी, दोन पावसाळ्यांनंतर

ज्या दुकानातून बी घेतलं त्यांचा परवा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. 'अंजन, स्टायलो. एकदम ताजा माल. मोजक्याच पिशव्या शिल्लक.' तो 'ताजा' शब्द वाचला आणि डोकंच फिरलं. म्हणून हे लिहितोय. पडीक माळावर कुरण करायच्या बेतात जे असतील त्यांनी आधी वाचावं, मग पैसे मोजावेत.

जमीन सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली. एकरभर चढाचा मुरमाड माळ, वरच्या अंगाला टाच मारली तरी खडक लागतो, खाली ओढ्याकडं थोडी काळी माती साचलेली. वर्षानुवर्षं मोकाट चरून तिथं कुसळी आणि तरवड एवढंच उरलं होतं. कुसळी कोवळी असेपर्यंत जनावर तोंड लावतं. एकदा बी धरलं की ती कुसळं मेंढीच्या लोकरीत, आपल्या पायजम्यात आणि गुरांच्या तोंडात. दावणीला खिल्लार गाय, दोन कालवडी आणि शेळ्या. कडब्याचा शेकडा दर उन्हाळ्यात कुठं जातो ते सगळ्यांना माहीत आहे, आणि २०१९ च्या दुष्काळातल्या चारा छावण्या आमच्याकडं अजून कोणी विसरलेलं नाही. म्हणून म्हटलं, माळ पुन्हा पेरू.

घेतलं ते असं: अंजन गवत दोन किलो, स्टायलो हमाटा (चाऱ्याचं द्विदल) एक किलो. अंजन किलोला साडेसहाशे. हेक्टरी पाचेक किलो बी लागतं असं सगळेच सांगतात, त्या हिशेबानं एकराला दोन किलो बरोबर आहे. पिशवीवर कमरेएवढ्या हिरव्यागार गवताचा फोटो. असला हिरवा रंग आमच्या शिवारात फक्त ठिबकच्या जाहिरातीत दिसतो.

पिशवी फोडल्यावर पहिला राग वजनाचा आला. अंजनाचं बी म्हणजे केसाळ बोंड. त्या कुसाच्या आत कुठंतरी दाणा असतो, कधी एक, कधी दोन, कधी काहीच नाही. दोन किलोनं अर्धं पोतं फुगलं. तळहातावर बोंडं घेऊन चोळली, फुंकर मारली, तर कूस उडून गेली आणि हातावर राहिले मोजके पिवळट दाणे, राजगिऱ्याहून थोडे मोठे. साडेसहाशे रुपये किलोनं आपण बहुतेक कूसच घेतो, हे दुकानदार कधी सांगत नाही. तिफणीनं पेरायचं तर विसराच. चाड्यावर मूठ धरली की बी नळ्यात उतरतच नाही, बोटांनाच चिकटून बसतं, आणि वारा असेल तर शेजाऱ्याच्या बांधावर जातं.

त्यावर उपाय गोळ्यांचा. चाळलेली माती, शेणकाला, थोडी वाळू आणि बी एकत्र कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळायच्या आणि सावलीत सुकवायच्या. आई आणि बायको ओसरीवर बसून दुपारभर गोळ्या वळत होत्या, आणि आईचं पालुपद एकच, 'गवात पेरायचं आसतं व्हय रं कुठं? ते आपसूक येतंय.' स्टायलोचं बी वेगळं. ते गुळगुळीत, पण साल इतकी कठीण की पाणी आत शिरत नाही. उकळी येण्याआधी उतरवलेल्या, हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात चार-पाच मिनिटं, मग रात्रभर गार पाण्यात. हे पिशवीवर छापलेलं नव्हतं. छापायला पाहिजे होतं.

पेरणीबद्दल एवढंच की माळ नांगरू नका. चढावरचा मुरूम मोकळा केला की पहिल्याच वळवाला माती ओढ्यात. आम्ही समतल चर काढले होते, त्याच्या मातीच्या भरावावर आणि मधल्या पट्ट्यात कुळवानं नुसते ओरखडे काढून गोळ्या टाकल्या. वर सेंटीमीटरभर माती, जास्त नाही. गवताचं बी खोल गेलं की संपलं.

आता मुद्द्याचं. पहिल्या पावसाळ्यात स्टायलो तुरळक का होईना दिसला. अंजन जवळजवळ नाहीच. आमच्याकडं पाऊस कसा पडतो ते माणदेशातल्यांना सांगायला नको. जूनमध्ये एक-दोन सरी, मग लांब खंड, आणि खरा भरवसा सप्टेंबरच्या परतीवर. खंडात कोंब जळाले असतील असं आधी वाटलं. पण जळायला आधी कोंब तर दिसायला हवेत! सप्टेंबरात पाऊस झाला आणि पट्ट्यांत जोमानं काय आलं? गाजरगवत. त्या वेळी मी या पिशवीला पाचपैकी एकही दिला नसता.

दुकानात गेलो. पहिलं उत्तर ठरलेलं: 'दादा, तुमच्या जमिनीतच दम नाय. बी एकदम ताजं होतं, उन्हाळ्यातच काढलेलं.' दुसरं उत्तर, कंपनीला कळवतो. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, पाऊस कमी पडला असेल. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडं अर्ज देतो, पंचनामा होऊ द्या, असं म्हटल्यावर दुकानदाराचा सूर एकदम मऊ झाला आणि त्यानं भरपाई म्हणून एक किलोची पिशवी फुकट दिली. तीही अर्थात 'ताजी'.

ती मी पेरली नाही, कपाटावर डब्यात टाकून ठेवली. मूळ पिशवीतलंही मूठ-दोन मूठ उरलं होतं, तेही त्यातच बाजूला बांधून ठेवलं. त्या दिवशी ओल्या गोणपाटात दोन्हीतली थोडी थोडी बोंडं गुंडाळून बघितली. काडीएवढे कोंब इकडं-तिकडं, बाकी सगळं थंड. लेबलवर मात्र अंकुरण ३० टक्के छापलेलं. गवताच्या बियाण्याला हा आकडा कमी वाटला तरी तसा असतो, गहू-हरभऱ्याशी तुलना करू नका.

आणि मग दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये, काहीही न पेरता, भरावावर ओळीनं अंजन उगवलं. आपोआप आलेलं गवत कधी ओळ धरत नाही. हे बरोबर आमच्या ओरखड्यांच्या रेषेत, बोटभर उंच, पातं हिरवट-निळसर. म्हणजे बी मेलेलं नव्हतं, झोपलेलं होतं. डब्यातलं बी परत ओल्या गोणपाटात घातलं. तेच बी, तेच गोणपाट, मधे फक्त काही महिने गेलेले. आता निम्म्याच्या आसपास फुटलं.

याचं कारण गवतवाले जाणतात, विकणारे सांगत नाहीत. अंजन, मारवेल या गवतांचं नवं काढलेलं बी सुप्तावस्थेत असतं. सहा महिने ते वर्षभर ते उगवायला तयारच नसतं. जंगली गवताची ती सवय आहे: ऑक्टोबरात बी पडलं आणि अवकाळीच्या एका सरीनं सगळं उगवून बसलं तर पुढच्या उन्हाळ्यात वंशच बुडेल. म्हणून ते थांबतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढलेलं बी जूनला निम्मंशिम्मं जागं झालेलं असतं. पाण्यावर घेतलेलं, एप्रिल-मेमध्ये काढलेलं बी त्याच जूनला पेरलं तर? आमच्यासारखं होतं.

मग लेबलवरचे ३० टक्के खोटे का? नाही, आणि खरी चीड इथंच आहे. प्रयोगशाळेत अंकुरण तपासताना सुप्तावस्था मोडायची रीतच आहे. बी आधी गार ठेवतात, पोटॅशियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवतात, मग मोजतात. त्यामुळे कागद खरा निघतो आणि माळ कोरडा राहतो. लेबलवर लॉट नंबर असतो, तपासणीची तारीख असते, मुदत असते, सगळं असतं. बी काढलं कधी, तो महिना नसतो. मला विचाराल तर गवताच्या पिशवीवर पहिल्यांदा तेच पाहिजे. शुद्धता, वाण, फोटो, सगळं त्याच्या मागून. आमचं एक अख्खं वर्ष त्या एका न छापलेल्या ओळीनं गेलं, आणि गाजरगवत उपटायची मजुरी वर. बाईला तीनशे रुपये हजेरी आहे आमच्याकडं. लावा हिशेब.

दुकानदाराला गोणपाट दाखवलं. तो म्हणाला, 'मग ह्ये चांगलंच झालं की!'

उगवलेल्या गवताबद्दल तक्रार नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पिशवीवर काझरी ७५ लिहिलंय, जोधपूरच्या काझरी संस्थेचा वाण, ज्याला मारवाड अंजन म्हणतात. थरच्या वाळूत टिकणारं गवत, त्याला आमचा मुरूम म्हणजे चैन. ऑगस्टच्या खंडात आजूबाजूचं सगळं पिवळं पडलं, याची पाती फक्त गुंडाळली, आणि सर आली की पुन्हा उघडली. फुलोऱ्यात येताना कापलं तर गाय देठासकट खाते. बोंडं पक्की झाल्यावर कापलं तर चघळून टाकते. बुडखा चार बोटं राखूनच विळा लावायचा.

पण हे फक्त वरच्या मुरमाडात. खालच्या काळ्या पट्ट्यात अंजन रुसलेलं आहे, पाणी धरणारी जमीन त्याला मानवत नाही. तिथं मी दुसऱ्या वर्षी ओढ्याकाठच्या मारवेलीचे ठोंब लावले, फुकटचे. दोन डोळे मातीत, एक वर, आणि चांगला पाऊस लागून राहिलेला असताना. सगळेच्या सगळे धरले असं नाही, पण जे धरले त्यांनी दिवाळीपर्यंत जमीन झाकून टाकली. राहुरीच्या विद्यापीठाचं फुले मारवेल ०६-४० सुद्धा ठोंबानंच लावतात. ज्यांच्या आसपास ओढा आहे त्यांनी काळ्या जमिनीसाठी बियाण्याच्या फंदात पडूच नये.

स्टायलोनं मात्र मला खरोखर चकित केलं. पहिल्या वर्षी त्याची किंमत कळली नाही. दुसऱ्या पावसाळ्यातही शेळ्या वास घेऊन पुढं जायच्या. पावसात गवत कोवळं असताना त्याला कोण विचारतो! पण डिसेंबरात गवत वाळून पिवळं झालं तेव्हा त्याच्या बुडाशी हा पठ्ठ्या हिरवा, बारीक पिवळी फुलं मिरवत. मग शेळ्यांनी त्याच्याशिवाय दुसरं काही बघितलं नाही. द्विदल असल्यामुळं नत्राची सोय तोच करतो, आणि बी सांडून पुढच्या वर्षी स्वतःच वाढतो. याला पाचपैकी साडेचार. अर्धा गरम पाण्याचं न छापल्याबद्दल कापला.

मुंग्यांचं सांगायचं राहिलं. थोडं बी गोळ्या न करता तसंच विखुरलं होतं, तुलना करायला. दुसऱ्याच दिवशी काळ्या मुंग्यांची रांग लागली, प्रत्येकीच्या तोंडात एक बोंड, झेंड्यासारखं उभं धरलेलं. वारुळाच्या तोंडाशी कुसाचा गोल ढीग साचला होता. दाणा आत, कूस बाहेर. मी तो ढीग उचलून चोळून बघितला, एक दाणा सापडला नाही. इतकी स्वच्छ मळणी कंपनीनं करून दिली असती तर दोन किलोच्या जागी पाव किलोची पुडी पुरली असती आणि गाडीभाडंही वाचलं असतं. गोळ्यांना मुंग्यांनी फारसा हात लावला नाही.

राखणीबद्दल सगळ्यांना ठाऊक आहे तरी लिहितो: पहिलं वर्ष एकही जनावर आत नको, स्वतःचंही नको. आम्ही बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं, वाटेवरच्या घरांना आधीच सांगून ठेवलं. मेंढपाळ तात्यांनी शब्द पाळला. त्रास झाला तो आमच्याच भावकीतल्या एका मोकाट बोकडाचा. त्यावर वेगळा अनुभव लिहावा लागेल.

तर एकूण गुण: अंजनाच्या वाणाला चार, पिशवीला दोन, लेबलला शून्य, दुकानाच्या सेवेला एक, तोही फुकटच्या किलोबद्दल. घ्यायचंच असेल तर दुकानात 'ताजं आहे का' विचारू नका. 'मागल्या दिवाळीच्याही आधीचं आहे का' विचारा. जुना माल म्हणून स्वस्तात काढत असतील तर तो आधी उचला, फक्त दोन-तीन वर्षांहून जुना नको, मग दाणाच मरतो. आणि पैसे देण्याआधी मूठभर बोंडं तिथंच काउंटरवर चोळून बघा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या.

मेसेजला मी उत्तर दिलेलं नाही. यंदा डब्यातला तो भरपाईचा किलो, आता पुरता जुना झालेला, माळाच्या उरलेल्या कोपऱ्यात जाईल. शिवाय गेल्या दिवाळीत स्वतःच्याच अंजनाची बोंडं ओरबाडून भरून ठेवलीत, ती पुढच्या वर्षासाठी. भरताना गोणपाटाचं पोतं घ्या आणि सावलीत टांगा. खताच्या प्लास्टिकच्या गोणीत भरलेल्या थोड्या बोंडांना आतून ओल सुटून बुरशी आली, ती फेकून द्यावी लागली.