फोकस लाईट लावली आणि ऑटोफोकसची धडपड थांबली

पाण्याखाली फोटो काढायला १०-१५ मीटर खोल गेलं की लाल रंग जवळपास संपतो, कॉन्ट्रास्ट (उजळ-गडद भागांतला फरक) कमी होतो आणि लेन्स फोकस शोधत नुसती पुढे-मागे करत बसते, तोवर मासा निघूनही जातो. कॅमेऱ्याचा असिस्ट लॅम्प (फोकसला मदत करणारा छोटा दिवा) हाऊसिंगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या वॉटरप्रूफ कवचात, अडतो म्हणून ही १००० ल्युमेनची फोकस लाईट घेतली आणि खरंच खूप फरक पडला! सिंगल पॉइंट (फोकसचा एकच बिंदू) माशाच्या डोळ्यावर धरायचा, पटकन लॉक होतो. वाइड एरिया (फोकससाठी मोठा भाग) नकोच, तरंगणाऱ्या कणांवर फोकस जातो. मॅक्रोला (अगदी जवळून काढायच्या फोटोंना) मी कॅमेऱ्यामागच्या बॅक बटणाने फोकस एकदा लॉक करते आणि मग स्वतःच हळूहळू पुढे-मागे सरकते. लाईटचा लाल मोड तर फारच आवडला, खेकडे-कोळंबी कमी बिचकतात. लाईटचं बटण मात्र हातमोजे घालून दाबायला जाम कडक आहे.