शेकरू बघायला ८×४२ दुर्बीण: घ्या, पण पट्टा बदला

पक्ष्यांसाठी दुर्बीण घेणारे पुष्कळ, मी घेतली शेकरूसाठी. त्यामुळे इथे पाणथळीतले बगळे नाहीत की माळावरचे चंडोल नाहीत. भीमाशंकरचं रान आणि मान वर करून उभी असलेली एक चष्मेवाली निवृत्त बाई, एवढंच आहे.

दुकानदार १०×४२च्याच मागे लागला होता. (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये.) "मॅडम, मोठं दिसतं." दिसतं ना, पण हाताची थरथरही मोठी होते आणि दिसणारा टापू आक्रसतो. माझ्या ८×४२वर हजार मीटरला एकशेबारा मीटर रुंदी लिहिली आहे. म्हणजे तीस मीटरवरच्या झाडाचा जेमतेम सव्वातीन मीटर भाग नजरेत येतो. शेकरू एका उडीत सहा मीटर सहज कापतं! ८×मध्येच ते हातून सुटतं, तर १०×ची काय कथा? उडी नुसत्या डोळ्यांनी बघायची, बसलं की दुर्बीण लावायची.

उजेडाचा हिशोबही आहे. ४२ला ८ने भागलं की सव्वापाच मिलिमीटर, तेवढ्या जाडीचा झोत डोळ्यात येतो. दहाच्या दुर्बिणीत तो ४.२ होतो. शेकरू सकाळी आणि संध्याकाळी हिंडतं, भर दुपारी फांदीवर पसरून झोपतं. सकाळी त्या दाट सावलीत हा फरक चांगलाच जाणवतो.

खरी परीक्षा मात्र आभाळाची. शेकरू शेंड्यात असतं, मागे पांढरं आभाळ, म्हणून ते नुसतं काळं दिसतं. हलक्या भिंगांत कडेला जांभळी रेघही उमटते. हिच्यात ती अगदी पुसट आहे. पाठीचा तांबूस तपकिरी रंग, पोटाचा मळकट पांढरा, शेपटीचं फिकट टोक, सगळं वेगवेगळं कळलं. जांभळाच्या झाडावर एक मागच्या पायांनी फांदी धरून उलटं लटकलं होतं आणि फळ पुढच्या दोन्ही पंजांत घेऊन खात होतं. शेपटी फांदीच्या पलीकडे सोडलेली, तराजूच्या दुसऱ्या पारड्यासारखी. वजन दोन किलोपर्यंत जाणारा प्राणी एवढ्याशा फांदीवर का पडत नाही, ते तेव्हा उमगलं. ह्या एका दृश्यावर माझे पैसे वसूल.

घरटी बघायलाही उपयोग होतो. एकच शेकरू अनेक घरटी बांधतं, तीही बारीक फांद्यांच्या टोकाकडे, जिथे जड शिकारी पोचत नाही. हिरवी पानं खोचलेली दिसली की अलीकडेच काम झालंय असं समजावं. झाडाखाली गर्दी करायची गरज नाही, लांबूनच बघता येतं.

आता तक्रारी. पट्टा अगदीच बारीक, तासाभरात मान धरते. दोन्ही खांद्यांवरून येणारा पट्टा वेगळा घ्या. भिंगांची झाकणं जरा धक्का लागला की निघतात. आत नायट्रोजन भरलेला आहे, त्यामुळे पावसाळी धुक्यात आतून वाफ धरत नाही, पण बाहेरच्या काचेवर आपल्याच श्वासाने धरते. मऊ फडकं खिशात असू द्या. चष्मेवाल्यांनी डोळ्यांकडच्या रबरी कडा फिरवून आत ढकलायच्या, मग पूर्ण चित्र दिसतं. हे कोणी सांगत नाही आणि लोक दुर्बिणीला नावं ठेवत बसतात.

शेकरू शोधून मात्र ही देणार नाही. आधी त्याचा खडखडाटी आवाज ऐका आणि जिथे झाडांचे शेंडे एकमेकांत मिसळलेत तिथे थांबा. ते सहसा जमिनीवर उतरत नाही, फांद्यांवरूनच जातं, म्हणून तोडलेल्या मोकळ्या जागेत उभं राहून काही हाती लागत नाही.

मोबाइल लावून फोटो काढायच्या बेताने घेणार असाल तर नका घेऊ. मोबाइल जागेवर बसवेपर्यंत शेकरू पुढच्या झाडावर गेलेलं असतं.