टेट्राहायड्रोकर्क्युमिनचे सीरम : दोन दाव्यांपैकी एक पटतो

हळदीचे गुण मिळावेत, पण तोंड पिवळे होऊ नये, एवढ्याच अपेक्षेने टेट्राहायड्रोकर्क्युमिनचे हे सीरम घेतले. ते अँटिऑक्सिडंट आहे आणि दाह कमी करते, असे कंपनीचे दोन दावे आहेत. कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही, कारण याच घटकाची इतरही सीरमे बाजारात आहेत आणि पुढचे बहुतेक मुद्दे त्यांनाही लागू पडतील.

वापरायला ते उत्तम आहे. दुधाळ, पातळ, चटकन मुरणारे. उशीच्या अभ्र्यावर डाग नाही की हळदीचा उग्र वास नाही. हा पांढरेपणा येतो कसा, हे मात्र समजून घेण्यासारखे आहे. हळदीतला पिवळा घटक म्हणजे कर्क्युमिन. त्याच्या रेणूतील दोन वलयांना जोडणाऱ्या साखळीत जे दुहेरी बंध असतात, त्यांच्या सलग रचनेमुळे हळद पिवळी दिसते. त्या बंधांवर हायड्रोजन चढवला की ती सलगता तुटते, रंग जातो आणि टेट्राहायड्रोकर्क्युमिन तयार होते. वलयांवरचे फिनॉलिक गट या प्रक्रियेत शाबूत राहतात, आणि मुक्त मूलकांना (पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंना) निष्प्रभ करण्याचे काम मुख्यतः तेच करत असल्याने खोक्यावरचा ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द रास्त म्हणावा लागतो. शिवाय मूळ कर्क्युमिन फार नाजूक असते : ३७ अंश सेल्सिअसला, उदासीनच्या आसपास पीएच असलेल्या द्रावणात त्याचा सुमारे ९० टक्के भाग अर्ध्या तासात विघटित होतो. त्या मानाने हे संयुग बरेच टिकाऊ आहे.

खटकतो तो दुसरा दावा, दाह कमी करण्याचा. कर्क्युमिन दाहाला आवर घालते त्यात त्याच दुहेरी बंधांचा मोठा वाटा आहे. त्यांच्यामार्फत ते प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना जाऊन चिकटते आणि एनएफ-कप्पा-बी ही दाह पेटवणारी यंत्रणा मंदावते. रंग घालवताना नेमके तेच बंध गेले, त्यामुळे एनएफ-कप्पा-बी रोखण्यात मूळ कर्क्युमिन सरस ठरते. टेट्राहायड्रोकर्क्युमिनला दाहशामक गुण अजिबातच नाही असे नव्हे, पण माहितीपत्रकात हळदीची सारी पुण्याई जशीच्या तशी त्याच्या नावावर जमा केली आहे, ते पटत नाही.

त्याच पत्रकातला आलेख डीपीपीएच या अँटिऑक्सिडंट क्षमता तपासणाऱ्या चाचणीचा आहे. जांभळे द्रावण किती फिके पडते, हे त्यात मोजतात. संयुगांची आपसांत तुलना करायला ही चाचणी सोयीची आणि स्वस्त. पण ती सहसा मिथेनॉलसारख्या द्रावकात होते, त्वचेवर नव्हे, आणि घटक त्वचेत किती खोल उतरतो याबद्दल ती काहीच सांगत नाही. त्याहून मोठी उणीव म्हणजे बाटलीवर घटकाचे प्रमाणच छापलेले नाही. यादीत त्याचे नाव सुगंधी द्रव्याच्याही खाली आहे, म्हणजे प्रमाण बेताचेच असणार. आणि किंमत मात्र हजाराच्या घरात.

सकाळी सनस्क्रीनच्या आधी लावायला, तेही प्रमाण स्पष्ट छापणारी बाटली मिळाली तर, हे घ्यायला हरकत नाही. मुरुमांची लाली किंवा इसब यांसाठी घेणार असाल, तर हे पैसे त्वचारोगतज्ज्ञाच्या फीसाठी ठेवावेत.