कॉमर्समधून ऑक्युपेशनल थेरपीकडे : फाउंडेशन इयरच्या नऊ महिन्यांनंतर

आधी पैशाचं सांगते, कारण मला ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांनी पहिलं तेच विचारलं. फाउंडेशन इयर म्हणजे इंग्लंडमधल्या पदवीआधीचं तयारीचं वर्ष. त्याची फी सात लाखांच्या आसपास, तीन हप्त्यांत. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा वेगळी, अर्जांचा खर्च वेगळा. बारावीला पीसीबी असेल तर हे पैसे भरण्याआधी थेट पदवीला अर्ज करून बघा. बोर्ड आणि टक्के बघून आपली बारावी धरणारी विद्यापीठं इंग्लंडमध्ये आहेत. त्यांनी नाही म्हटलं तर मग हा रस्ता. फाउंडेशन इयर खरं तर माझ्यासारख्यांसाठी आहे, ज्यांची गाडी अकरावीलाच दुसऱ्या रुळावर गेली.

माझी बारावी कॉमर्सची. मग बीकॉम, मग परळच्या एका हॉस्पिटलात टीपीए डेस्कवर, म्हणजे मेडिक्लेमच्या काउंटरवर, चार वर्षं. कॅशलेसच्या फायली आणि डिस्चार्जच्या दिवशी नातेवाइकांच्या शिव्या. मग बाबांना पक्षाघात झाला आणि मी काउंटरच्या पलीकडच्या बाजूला गेले. फिजिओने त्यांना चालवलं. पण एका हाताने शर्टाचं बटण कसं लावायचं, चमच्याच्या दांड्याला फोम गुंडाळला की तो कसा मुठीत बसतो, हे शिकवणाऱ्या बाई वेगळ्या होत्या, ऑक्युपेशनल थेरपिस्ट. हॉस्पिटलात नोकरी करूनही ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर एवढंच मला ठाऊक होतं! आणि या विषयाचं आशियातलं पहिलं विद्यालय कुठे? परळलाच, केईएममध्ये. १९५० साली कमला निंबकरांनी सुरू केलेलं. मी रोज त्या गेटासमोरून जात होते. पण आपल्याकडे या पदवीला बारावीचं पीसीबी लागतं आणि वर नीट. चोविसाव्या वर्षी पुन्हा अकरावीपासून सुरू करायची माझी हिंमत नव्हती.

फाउंडेशनची पातळी तिकडच्या ए लेव्हलची, म्हणजे ढोबळमानाने आपल्या बारावीची. काही जण तिकडे जाऊनच हे वर्ष करतात आणि तीन वर्षांची पदवी चार वर्षांची होते. मी अंधेरीच्या एका केंद्रात केलं, कारण वर्षभराचं परदेशातलं भाडं वाचलं आणि शनिवार-रविवारी डेस्कवर ड्युटी करता आली. विषय चार : बायोलॉजी, केमिस्ट्री, गणित आणि अ‍ॅकॅडेमिक इंग्लिश.

गणिताने मला तारलं. स्टँडर्ड डेव्हिएशन काय नि ग्राफ काय, कॉमर्सवाल्यांना नवीन नाही. केमिस्ट्रीने रडवलं, पण तेही दिवाळीपर्यंतच. बायोलॉजी शिकवणारे सर उत्तम होते, प्रयोगशाळेचा मात्र आनंद. माहितीपत्रकात 'सुसज्ज लॅब' छापलं होतं. प्रत्यक्षात दर दोन आठवड्यांनी दुसऱ्या कॉलेजची लॅब भाड्याने घ्यायचे आणि एका मायक्रोस्कोपला सहा जण. बटाट्याच्या चकत्या मिठाच्या पाण्यात ठेवून वजनातला फरक मोजायचा ऑस्मोसिसचा प्रयोग मी शेवटी घरीच केला, शेजारच्या सोनाराच्या काट्यावर. आकडे चांगले आले. फी देण्याआधी लॅब डोळ्यांनी बघा, एवढंच म्हणते.

खरी दमछाक लिहिण्याने झाली. पहिला निबंध मी नवनीत पाठ करून वाढलेल्या मुलीसारखा लिहिला, म्हणजे पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी. सॉफ्टवेअरने २८ टक्के मजकूर जुळतो म्हणून दाखवलं आणि मॅडमनी बोलावून घेतलं. मला वाटलं पाठांतराचं कौतुक होणार. कोणता विचार कुणाचा हे वाक्यागणिक सांगायचं आणि आपला कोणता तेही, हे अंगवळणी पडायला तीन महिने गेले.

त्याहून अवघड म्हणजे रिफ्लेक्शन. एखादा प्रसंग घ्यायचा : काय घडलं, तुला काय वाटलं, काय बरं झालं, काय बिनसलं, असं का, पुढच्या वेळी काय करशील. शाळेपासून बीकॉमपर्यंत 'तुला काय वाटलं' हा प्रश्न मला कुणी उत्तरपत्रिकेत विचारला नव्हता. मी बाबांवर लिहिलं. त्यांना व्यायाम करायचा नसे आणि मी ओरडून करून घ्यायचे, तो प्रसंग. पहिल्या मसुद्यात मी एकदम गुणी मुलगी होते. मॅडमनी कडेला एवढंच लिहिलं, 'त्यांना विचारलं होतं का?'

त्या निबंधाला ६२ मिळाले. वर्गात टाळ्या, घरी आई म्हणाली, "बासष्टच?" तिकडे ४० ला पास आणि ७० च्या वर पहिला वर्ग, हे तिला अजून पटलेलं नाही.

आता तक्रार. प्रवेशाच्या वेळी काउन्सेलर म्हणाला होता, "फाउंडेशन पास, की सीट पक्की." बिझनेसला जाणाऱ्यांचं असेल बुवा तसं. आमच्या विषयांत नुसते मार्क पुरत नाहीत. मुलाखत असते, पोलीस व्हेरिफिकेशन, लसींच्या नोंदी, आणि माझ्या यादीतल्या विद्यापीठांना आयईएलटीएसचे ७ हवे होते. कारण या पदवीत किमान १,००० तास प्रत्यक्ष रुग्णांमध्ये काम असतं आणि शेवटी एचसीपीसी या नियामक संस्थेकडे नोंदणी. हे सगळं मला नोव्हेंबरमध्ये कळलं, तेही एका सीनियरकडून. युकासवर, म्हणजे तिकडच्या विद्यापीठांना अर्ज करायच्या पोर्टलवर, पाच पर्याय भरता येतात, मुदत जानेवारीच्या मध्यात. २०२६ च्या प्रवेशांपासून पर्सनल स्टेटमेंट (अर्जात स्वतःबद्दल लिहायचं ते) म्हणजे एक सलग निबंध नाही, तीन प्रश्न आहेत. केंद्राने दिलेला नमुना जुनाच होता.

आणखी एक फसगत टाळा. वेबसाइटवर हेल्थकेअरच्या विद्यार्थ्यांना वर्षाला ५,००० पौंडांची मदत दिसते. ती तिथल्या विद्यार्थ्यांसाठी, आपल्याला नाही. उलट व्हिसासोबत आरोग्य अधिभार आपणच भरायचा, विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड, आणि तोही सगळ्या वर्षांचा आगाऊ. आईने वहीत हा आकडा लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्यात.

मुलाखती दोन झाल्या. पहिलीत विचारलं, "रुग्ण नको म्हणाला तर?" मी म्हटलं, समजावेन. "आणि तरी नको म्हणाला तर?" मी म्हटलं, घरच्यांना सांगेन. समोरच्या बाई हसल्या, वाईट नाही, पण मला कळलं. तिथून नकार आला. दुसऱ्या मुलाखतीला हाच प्रश्न थोडा फिरवून आला. मी म्हटलं, त्यांना काय करायचंय ते आधी विचारेन, आणि बाबांचं सांगितलं. त्यांना व्यायाम नको होता, पण स्वतःच्या हाताने चहा ओतायचा होता.

तिथून अटींसह ऑफर आहे, सरासरी ६० हवी. सध्या ६३ वर आहे, केमिस्ट्रीचा शेवटचा पेपर बाकी. व्हिसासाठी टीबीची तपासणी लागते आणि तिचं सर्टिफिकेट सहाच महिने चालतं, म्हणून ती निकालानंतर करणार. डेस्कवरचा राजीनामाही तेव्हाच.