बारा वर्षांच्या डेस्कटॉपमध्ये एसएसडी बसवून नऊ महिने झाले, त्याचा अनुभव

कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगरात आमचा लेथचा छोटा कारखाना आहे. तेथील हिशेबाचा डेस्कटॉप २०१३ साली घेतलेला असून त्यात तिसऱ्या पिढीचा कोअर आय-थ्री प्रोसेसर, एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क होती. टॅली, जीएसटीची विवरणपत्रे, गिऱ्हाइकांची ड्रॉइंग आणि कोटेशने एवढेच त्याचे काम. गेल्या जानेवारीत मात्र बटण दाबून मी सगळ्या मशिनांना तेल घालून परत आलो तरी टॅली उघडलेली नसे, आणि सीपीयूच्या डब्यातून अधूनमधून टकटक ऐकू येऊ लागली. बेअरिंग जाण्याआधीचा आवाज ओळखायला आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवल्यावर पिवळ्या रंगात धोक्याची सूचना आली आणि जेथे शून्य असायला हवे त्या पेंडिंग सेक्टरच्या ओळीत आकडा दिसला. जी जागा डिस्कला वाचता येत नाही, पण जी तिने अद्याप बादही केलेली नाही, ती जागा म्हणजे पेंडिंग सेक्टर. राजारामपुरीतील एका दुकानदाराने ‘काका, यावर आता खर्च करू नका, नवीनच घ्या’ असा सल्ला दिला. त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते, परंतु प्रोसेसर आणि रॅम ठणठणीत असताना एका सुट्या भागापायी अख्खे मशीन भंगारात काढणे मनाला पटेना, म्हणून ४८० जीबीची साधी सॅटा एसएसडी घेतली. एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, आणि सॅटा ही डिस्क मदरबोर्डला जोडण्याची नेहमीची पद्धत.

या कामात खरी कसोटी डेटा सुखरूप बाहेर काढण्याची होती. सर्वप्रथम टॅलीचा डेटा फोल्डर आणि ड्रॉइंग बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतली, आणि हा क्रम मी कोणालाही असाच सांगेन. कारण अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल करणारे नेहमीचे क्लोनिंग सॉफ्टवेअर निम्म्याहून थोडे पुढे जाऊन खराब सेक्टरवर अडकले आणि तेथेच थांबले. मोडकळीस आलेल्या डिस्कवर दुरुस्तीसाठी विंडोजमधील चेकडिस्क चालवण्याचा मोह होतो, पण त्यामुळे तबकडी वाचणाऱ्या थकलेल्या हेडला आणखी राबवले जाते, म्हणून तो टाळला. भाच्याने पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून डीडीरेस्क्यू लावले. हा प्रोग्राम वाचता येईल ते आधी उचलतो, अडलेल्या जागांची नोंद एका फाइलमध्ये ठेवतो आणि शेवटी त्या जागांवर पुन्हा प्रयत्न करतो. नवी एसएसडी जुन्या डिस्कपेक्षा थोडी लहान असल्यामुळे शेवटचे मोकळे पार्टिशन आधीच आखडून घ्यावे लागले. रात्रभर काम चालले आणि सकाळी काही किलोबाइट वगळता सर्व काही नव्या डिस्कवर आले होते.

बसवताना एक गंमत झाली. जुन्या साडेतीन इंची डिस्कचे स्क्रू ६-३२ यूएनसी आट्याचे, तर अडीच इंची एसएसडीला एम-३ लागतात. जुनाच स्क्रू नव्या भोकात जोर लावून फिरवला तर आटे गेलेच म्हणून समजावे. कॅबिनेटमधील खणही साडेतीन इंची असल्याने ब्रॅकेट लागते. ते बाजारात मिळते, पण आमच्याकडे दोन मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा तुकडा पडून होता, त्यातच तयार केले. ते गरजेपेक्षा जास्त मजबूत झाले आहे, हे मान्य करतो. त्याच बैठकीत मदरबोर्डवरील सीआर-२०३२ बटण सेलही बदलला, कारण मशीन बंद केले की तारीख मागे जात होती आणि चुकीच्या तारखेमुळे सरकारी पोर्टलसुद्धा उघडत नसे.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या मूळ प्रोग्राममध्ये, सॅटाची सेटिंग अजून आयडीई या जुन्या पद्धतीवर असल्याचे तेव्हाच लक्षात आले. ती एएचसीआय या नव्या पद्धतीवर आणायची असेल, तर आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू होण्यास सांगून मग बायोसमध्ये बदल करावा, नाहीतर निळा पडदा समोर येतो. आम्ही तो एकदा पाहिला.

आता वेगाविषयी. खोक्यावर सेकंदाला ५४० एमबी असे छापले आहे, पण एच-६१ चिपसेटचे सॅटा पोर्ट ३ गिगाबिटचे असल्यामुळे ३०० एमबीच्या पलीकडे जाणे शक्यच नाही, आणि माझ्याकडे प्रत्यक्षात २७०च्या आसपास मिळतात. तरीही मशीन साडेचार मिनिटांऐवजी तीस सेकंदांच्या आत सुरू होते. याचे कारण आमच्या धंद्यातील माणसाला चटकन समजेल: जॉबचा वेळ कटिंगमध्ये कमी आणि सेटिंगमध्ये, म्हणजे जॉब मशीनवर नीट बांधण्यात, जास्त जातो. ७२०० आरपीएमच्या डिस्कला एक फेरा पूर्ण करण्यास ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा हेडखाली येण्याची वाट सरासरी चार मिलिसेकंद पाहावी लागते, आणि हेड सरकण्याचा वेळ त्याखेरीज. विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फाइली वाचल्या जातात. एसएसडीमध्ये हे सेटिंगच उरत नाही. उलट मोठ्या फाइली कॉपी करताना ही स्वस्त डिस्क सुरुवातीला जोरात धावून काही वेळाने लक्षणीय मंदावते. ड्रॉइंगचा सगळा साठा एकदम हलवताना हे जाणवले, एरवी नाही.

पावसाळा ही दुसरी परीक्षा होती. जुलैत वीज वारंवार जात होती. लिहिणे चालू असताना वीज गेली तर एसएसडीलाही धोका असतोच, म्हणून यूपीएसची बॅटरी बदलून घेतली, आणि हा खर्च डिस्कच्या खर्चातच धरायला हवा होता असे आता वाटते.

एका मर्यादेवर मात्र डिस्क बदलून उपाय नाही. या मशीनवरील विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. सध्या वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी केली आहे, ती ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालेल. त्यानंतर हे मशीन इंटरनेटपासून तोडून केवळ ड्रॉइंगसाठी ठेवावे, असा विचार आहे.

नऊ महिन्यांत एसएसडीवर सुमारे ३ टीबी लिहिले गेले आहे, आणि तिची हमी १२० टीबीपर्यंतची आहे. जुन्या डिस्कवर मार्करने ‘खराब’ असे लिहून ती कपाटात ठेवली आहे, कारण कोणीतरी ती पुन्हा बॅकअपसाठी वापरेल अशी मला भीती वाटते. बॅकअप आता साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी बाहेरच्या डिस्कवर होतो आणि ती डिस्क कारखान्यात न ठेवता घरी नेली जाते.